राजा तोरणाखाली बसला

आमच्या घरात दोन राजे होते. एक माझे वडील आणि दुसरा आमचा बैल. वडिलांना आम्ही घरात आबा म्हणायचो, गाव त्यांना 'सरकार' म्हणायचं. बैलाला मात्र घरीदारी सगळेच राजा म्हणत, आणि त्याच्या जोडीदाराचं नाव प्रधान. आबांचा आणि राजाचा स्वभाव अगदी सारखा. दोघांनाही सकाळी सकाळी कोणी आडवं आलेलं खपत नसे, दोघांनाही सगळा रस्ता आपल्या मालकीचा वाटे, आणि दोघंही एकदा बसले की कोणाच्या बापाच्यानंही उठत नसत. हे आता लिहिते आहे म्हणून. तेव्हा नुसतं तोंडातून निघालं असतं तरी आईनं चुलीजवळची फुंकणी फेकून मारली असती, आणि आईचा नेम चांगला होता.

दुसरबीडकडून गावात येणारा रस्ता आमच्या दारावरूनच जायचा. दारासमोर आलं की सायकलवाला खाली उतरायचा, छत्रीवाला भर पावसात छत्री मिटायचा आणि पुढं वडाजवळ गेल्यावर पुन्हा उघडायचा. कोणी नवी बैलगाडी केली तर ती आधी आमच्या दारी आणायची, आबांनी तिच्या जुवाला हात लावायचा, मग ती मालकाची व्हायची. हे कायदे कुठं लिहिलेले नव्हते, पण गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ होते. आता आबा काही दुष्ट होते असं नाही हं, ते मी आधीच सांगून टाकते. कोणाची बाळंतीण अडली तर आमचीच दमणी, म्हणजे माणसांपुरती हलकी बैलगाडी, जुंपून मेहकरच्या दवाखान्यात जायची, आणि उन्हाळ्यात आमच्या विहिरीवर सारं गाव पाणी भरायचं. फक्त ते पाणी भरताना आबा ओट्यावर बसलेले असायचे, आणि प्रत्येक बाईनं डोईवरचा पदर पुढं ओढून त्यांच्याकडं एकदा पाहून जायचं. पाणी फुकट होतं, पण ते पाहणं काही चुकायचं नाही.

घरात माणसं म्हणाल तर आबा, आई, मी आणि सीतारामदादा. सीतारामदादा म्हणजे आमचा सालदार. साल धरलेला गडी म्हणून तो आमच्याकडं आला तेव्हा मी जन्मलेही नव्हते. दरवर्षी अक्षयतृतीयेला त्याचं साल संपायचं आणि त्याच दिवशी नवं लागायचं, त्यामुळं तो कधी आला नि कधी नवीन झाला हे कळायचंच नाही. पहाटे मला जाग यायची ती त्याच्या आवाजानं. तो राजाशी बोलायचा. "उठ ना बाप्पा. काऊन असा करून राह्यला? पाय दुखते का? मंग काल काऊन नाई सांगतलं?" असं त्याचं चालायचं, आणि मधूनमधून राजा नाकातून फुर्र करायचा. माणसांशी मात्र तो फारसा बोलत नसे. आबांसमोर तर दोनच शब्द, "हाव सरकार." मी शाळेतून आले की गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून त्याला पुस्तकातले धडे वाचून दाखवायची. तो कडबा तोडता तोडता ऐकायचा आणि शेवटी विचारायचा, "मंग त्या मानसाचं पुढं काय झालं?" धडा तिथंच संपलेला असायचा. मग मी पुढचं मनानं रचून सांगायची. मला लिहायची खोड लागली ती तिथं.

महाराष्ट्र तेव्हा नवा नवा झालेला होता. शाळेत नवा नकाशा आला होता आणि गुरुजी छडीनं त्याच्यावर बुलढाणा दाखवून म्हणायचे, "आता राज्य तुमचं आहे, पोरांनो." पोरं मान हलवायची आणि मधल्या सुट्टीत आमच्या दारावरून जाताना पाटी-दप्तर काखेत मारून अदबीनं चालायची. मी घरी येऊन आबांना सांगितलं, राज्य लोकांचं झालं म्हणून. आबा अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. म्हणाले, "झालं असंन मुंबईले." ग्रामपंचायत आली तेव्हा सरपंच कोण हा प्रश्नच कोणाला पडला नाही. आबांचा मात्र एक गुण होता. पोरीला शिकवायचं हे त्यांनी मनावर घेतलं होतं. गावात शाळा सातवीपर्यंतच. सातवी झाली की बुलढाण्याला वसतिगृहात ठेवीन, असा शब्द त्यांनी मला दिला होता, आणि त्यावर आईनं तीन दिवस अबोला धरला होता. मला तर रात्रंदिवस बुलढाणाच दिसायचं. तिथं थंडी असते, डोंगर असतो, आणि म्हणे पोरींना स्वतःची पेटी असते, तिला कुलूप असतं.

आता पोळ्याकडं येते, कारण सगळं घडलं ते पोळ्यापायी. श्रावणी अमावास्येला बैलांचा सण. आदल्या संध्याकाळी सीतारामदादा पळसाच्या पानांनी कोमट पाणी घालून राजा-प्रधानचे खांदे शेकायचा, हळद-लोणी चोळायचा आणि दोघांच्या कानाशी जाऊन उद्याच्या जेवणाचं आमंत्रण द्यायचा. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून आईची चूल. हरभऱ्याची डाळ शिजल्याचा वास, मग गूळ पडल्यावर तो वास पार बदलायचा, मग पुरणयंत्राची किर्रकिर्र, वेलदोडा, जायफळ. एकीकडं कढीला मोहरीची चरचर, दुसरीकडं भज्यांचा घाणा, कुरडया तळल्या की त्या टोपलीत उभ्या राहायच्या. आणि यातलं काहीही, अगदी भज्याचा मोडलेला तुकडासुद्धा, तोंडात घालायचा नाही. आधी बैलांनी तोरणाखालून जायचं, मग घरोघरी त्यांची पूजा व्हायची, बैलांनी पोळी खायची, मग सालदारानं, मग घरच्यांनी. ही चाल सगळ्या गावाची. मालक आणि बाप्ये सालदाराच्या मागून जेवतात असा वर्षातला हा एकच दिवस.

तोरण बांधायचं गावाबाहेरच्या आखरावर, म्हणजे गुरं जमतात त्या मोकळ्या मैदानात. दोन खांबांना आंब्याच्या पानांचं लांबलचक तोरण, त्याच्यामागं सजवलेल्या जोड्यांच्या रांगा. झुली, घुंगरमाळा, शिंगांना हिंगूळ आणि बेगड. आणि पहिला मान आमच्या जोडीचा. आमचे बैल तोरणाखालून पार गेल्याशिवाय दुसऱ्या कोणाचा बैल पाऊल टाकणार नाही. मानाच्या जोडीला अटी दोन. बैल घरच्या गाईचे पाहिजेत, आणि अंगाला खोट नको. या अटी आबांच्याच पणजोबांनी घातल्या असं आबा अभिमानानं सांगायचे.

मी सहावीत होते त्या वर्षीची गोष्ट. राजा तोवर म्हातारा झाला होता. गुडघ्यातून वाकला होता. तरी वाजंत्री वाजली, आबा फेटा बांधून पुढं, सीतारामदादाच्या हातात कासरा, आणि राजा आला डुलत डुलत. बरोबर तोरणाखाली आला, वर पाहिलं, आणि बसला. आधी पुढचे गुडघे टेकले, मग मागचं धूड. मग डोळे मिटून रवंथ सुरू. लोकांना वाटलं, उठेल. सीतारामदादानं शेपटी उचलली, पाठ चोळली, कानात बोलला. पाणी आणलं, ते तो बसल्या बसल्या प्याला. सरकीची ढेप आणली, तीही बसल्या बसल्या खाल्ली. प्रधान बिचारा त्याच्या शेजारी उभा राहून राहून पेंगायला लागला. ऊन असं की बेगड तापून हाताला चटका बसे. मागं सगळ्या गावाचे बैल तहानेनं जिभा काढून उभे, आणि तोरणाच्या पलीकडं पन्नास पावलांवर गुरांसाठी पाण्यानं भरलेला हाळ. कोणीतरी हळूच म्हणालं, "सरकार, बाजूनं काढून घेऊ का बैल?" आबांनी त्याच्याकडं नुसतं पाहिलं. तो माणूस आपल्याच बैलाच्या मागं लपला.

इकडं घरी मी. समोर पोळ्यांची चळत, तुपाची वाटी, आणि पोटात नुसता आगडोंब. दर दहा मिनिटांनी गच्चीवर जाऊन पाहायची. आखरावर राजा बसलेला तो बसलेलाच. आईला म्हटलं, अर्धं भजं दे. आई म्हणाली, "गाव उपाशी आहे तिकडं, तुझ्या जिभेला जरा दम नाही?" तिचंही तोंड सुकलं होतं. पार दिवेलागणीला राजाला आपणहून उठावंसं वाटलं आणि तो उठला, आळस दिला आणि तोरण तोडून घरी आला. त्या दिवशी साऱ्या गावानं वाळून कडक झालेल्या पोळ्या खाल्ल्या. मोठेपणी मी क्रांतीवरची जाडजूड पुस्तकं वाचली, कॉलेजात ती शिकवलीही. उपाशी पोटानं काय काय होतं ते त्यांत पानंच्या पानं लिहिलेलं आहे. वाचताना प्रत्येक वेळी मला ती पोळ्यांची चळत आठवते आणि हसू येतं. माझी राजनिष्ठा गेली ती त्या अर्ध्या भज्यापायी.

पुढच्या उन्हाळ्यात आणखी एक झालं. गव्हाणीवर राजा-प्रधानची जुंपली आणि राजाचं डावं शिंग बुडापासून मोडलं. रक्त पाहून सीतारामदादा लहान पोरासारखा रडला. जखम भरली, पण शिंगाच्या जागी एवढंसं खुंट राहिलं. आता अटीप्रमाणं बैलाला खोट आली, म्हणजे मान सुटला. आबा दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी लांबच्या गावाहून एक सुतार बोलावला, गोठ्याचं दार लावून घेतलं आणि सागाचं शिंग करवून घेतलं. आतून पोकळ, खुंटावर बसणारं, खालून कातडी पट्टा. वर हिंगूळ, बेगड आणि टोकाला पितळी शेंबी लावली की खऱ्या-खोट्यातला फरक सुताराला स्वतःला कळला नसता. पोळ्यापुरतं चढवायचं, एरवी फडताळात. आबा म्हणाले, "हे आपल्या चौघांतच राहीन." चौघं म्हणजे आबा, आई, सीतारामदादा आणि सुतार. राजाचं तोंड कोणी धरलं होतं, लाखेची वाटी कोणी धरली होती? मी. पण मोजताना आबांनी मला धरलंच नाही. पोरीच्या जातीला घरात कोण मोजतो?

माझ्या वर्गात पारू माळ्याची होती. तिचा मोठा भाऊ नामदेव. त्यांचा मळा नदीकाठी, मिरची आणि वांगी पिकवायचे, आणि त्या वर्षी नामदेवनं धामणगाव बढ्याच्या सासऱ्याकडून पांढरीशुभ्र खिल्लारी जोडी आणली होती. मागच्या पोळ्याला त्याचा एक जुना बैल उन्हानं भोवळ येऊन पडला होता, ते त्याच्या मनात सलत होतं. गावात आमच्या दारावरून सायकलवर बसून जाणारा पहिला माणूस तोच. उतरायचा नाही, फक्त पायडल मारणं बंद करायचा. आबा म्हणायचे, "उतार आहे तिथं म्हणून," आणि तिथं उतार मुळीच नव्हता. तर त्याला पोळ्याला झडती म्हणायची होती. आमच्याकडं तोरण तुटण्याआधी बाप्ये बैलांपुढं मोठ्यानं कवनं म्हणतात, त्याला झडती म्हणतात. त्यात देवाची थट्टा चालते, सावकाराची चालते, पुढाऱ्याची चालते, आणि झडतीचा राग धरायचा नाही हा त्या दिवसाचा नेम. नामदेवला राग खूप होता, पण जुळवता येत नव्हतं. पारू म्हणाली, "कमल, तू निबंधात पयली येतं ना, मंग लिव ना." मी वहीचं पान फाडलं आणि हिवराच्या झाडाखाली बसून लिहून दिलं. पारूनं ते भावाला पाठ करवलं आणि पान चुलीत घातलं. माझं नाव सांगणार नाही म्हणून नामदेवनं आपल्या बैलाच्या पाठीवर हात ठेवून शपथ घेतली. शेतकऱ्याला याहून मोठी शपथ नाही.

आणि लिहिताना मी काय शहाणपणा केला? शिंग घातलं त्यात. का घातलं? यमक जमत होतं म्हणून! आणि ते चौघांत राहायचं आहे हे त्या क्षणी डोक्यातून साफ गेलं. तीन-चारशे पानांची पुस्तकं लिहून झाली माझी पुढं, पण जुळलेल्या ओळीच्या मोहात पडून मी इतकी गाढव पुन्हा कधी झाले नाही.

सातवीतला तो पोळा. यंदा आम्ही पोरी आखराच्या बांधावर बसलो होतो. आबांनी राजाला सकाळपासून गुळाचं पाणी पाजून तरतरीत ठेवलं होतं. डावं शिंग उजव्यापेक्षा जरा जास्तच चमकत होतं. दोन-तीन म्हाताऱ्यांच्या नेहमीच्या झडत्या झाल्या, आणि मग नामदेव पुढं आला. एक हात कानावर ठेवून त्यानं अशी आरोळी दिली की बांधावरचे बगळे उडाले:

"राजा बसला तोरणाखाली, गाव उभं उन्हात,
पुरणपोळी वाळून गेली घरोघरच्या ताटात!
एक शिंग देवानं देलं, एक सुतारानं,
असा कसा मान घेते लाकडाच्या शिंगानं?
उठ रे राजा, सरक राजा, वाट मोकळी दे,
आमचे बैल निंगून जाऊ दे, मंग मांगून ये!
हर हर महादेव!"

आणि सवयीनं सगळ्या गावानं ओरडून साथ दिली, "हर हर महादेव!" आपण कशाला साथ दिली हे त्यांच्या नंतर ध्यानात आलं. त्या गजरानं राजा दचकला, त्यानं मान झटकली, आणि सागाचं शिंग सुटून कानाशी लोंबकळायला लागलं. आबांचा चेहरा मला बांधावरून दिसत नव्हता, फक्त फेट्याचा तुरा दिसत होता आणि तो हलत नव्हता. आता नामदेव पुढं होईल असं मला वाटलं. पण नामदेवही जागचा हलला नाही. सगळे उभे. मग मागच्या रांगेतून एका म्हाताऱ्याची गोऱ्ह्यांएवढी बुटकी जोडी, झूल नाही नि बेगड नाही, त्यांना हाळाच्या पाण्याचा वास आला असावा, कासरा ओढत निघाली. म्हातारा "हो हो, थांब ना बे, मारशीन का मले!" म्हणत मागून फरपटत. जोडी राजाला वळसा घालून सरळ तोरणाखालून गेली आणि पाण्याला तोंड लावलं. मग काय, तहानलेले बैल ते! एक जोडी, दुसरी जोडी, मग धूळच धूळ. आमच्या गावची क्रांती ही अशी बैलांनी केली. माणसं नुसती कासरा धरून मागून गेली.

मी खूश होऊन टाळ्या पिटत घरी पळत आले. पूजेची ताटं तयार होती. आईनं सीतारामदादासाठी नवं धोतर आणि फेटा पाटावर मांडला होता. मान जावो न जावो, रिवाजाप्रमाणं गावच्या जोड्या आमच्या दारी यायला लागल्या होत्या, त्यामुळं अंगणात ही गर्दी. आबा आले, मागून राजा-प्रधानला घेऊन सीतारामदादा. आबा ओट्यावर चढले, आणि त्याच्याकडं वळले. आवाज चढवला नाही त्यांनी. म्हणाले, "झडतीचा राग नाही मले. नामदेवनं म्हटली, म्हनू दे. पण शिंगाचं चौघांले माहीत होतं. मी बोललो नाही. घरच्या बाईनं उंबरा ओलांडला नाही. सुतार तीस कोसावर. मंग राह्यलं कोन?" सीतारामदादा राजाचा कासरा मनगटाला गुंडाळत राहिला. आबा म्हणाले, "एवढी सालं माहं मीठ खाल्लं आन घर विकलं तू. चोर निंगाला तू सीताराम. निंघ. आज, आत्ता."

भर हंगामात सालदाराला काढलं म्हणजे काय, हे त्या अंगणातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. अक्षयतृतीयेपर्यंत त्याला कोणी साल धरत नाही, आणि सरकारनं चोर म्हणून काढलेल्याला तर कधीच नाही. त्याचं घर आमच्याच जागेत. म्हणजे गाव सोडायचं. नामदेव गर्दीत उभा होता, त्यानं माझ्याकडं पाहिलं, एक पाऊल पुढंही टाकलं. पण बैलाची शपथ. बोलू शकत होते ती मी एकटी, आणि माझ्या डोळ्यांपुढं बुलढाण्याची ती कुलपाची पेटी. खरं सांगते, मी गप्प राहिले. चांगली गप्प राहिले. सीतारामदादानं मनगटावरचा कासरा सोडला, आबांच्या हातात दिला आणि फाटकाकडं चालायला लागला. आणि राजा त्याच्या मागं निघाला. आबांनी कासरा ओढला, पण आबांना बैल कुठं धरता येत होता? ते ओट्यावरच दोन पावलं फरपटले. एका शिंगाचा म्हातारा बैल, पाय ओढत, सीतारामदादाच्या पाठीला नाक लावून चालला होता. ते मला नाही पाहवलं.

"झडती मी लिवली," मी म्हटलं. आवाज एवढा बारीक निघाला की पुन्हा म्हणावं लागलं. "आबा, झडती मी लिवली! शिंगाचं मीच घातलं. दादाले काही माहीत नाही."

आईच्या हातातलं निरांजन विझलं. आबा माझ्याकडं असं पाहायला लागले की जणू मी त्यांना पहिल्यांदाच दिसत होते. "तू? कोनं सांगतलं तुले लिवाले?"

"कोनी नाही."

"मंग काऊन लिवली?"

मला मोठं काहीतरी बोलायचं होतं. गुरुजींचं वाक्य होतं, राज्य लोकांचं आहे वगैरे. ते काही आठवेना. मी म्हटलं, "मले भूक लागली होती. मागच्या साली. सगळ्याईलेच लागली होती." आणि भोकाड पसरलं.

कोणी हसलं नाही. आबांनी हातातला कासरा सैल सोडला. मग फाटकाकडं तोंड करून म्हणाले, "सीताराम, चाल. आत ये. पानावर बस."

आणि ज्या माणसानं जन्मभर 'हाव सरकार'पलीकडं आबांपुढं शब्द काढला नव्हता, तो फाटकातच उभा राहिला. राजाच्या गळ्यात हात टाकून म्हणाला, "नाई येत."

"काय म्हणला?"

"नाई येत म्हनलो. तुमी मले चोर म्हनलं. चार लोकांत म्हनलं. आता पोरीनं सांगतलं म्हून चोर नाई झालो. ते मले पोरीकून नाई पायजे. तुमच्याकून पायजे, आन चार लोकांत पायजे." तो खाली पाहत नव्हता. "नाई तं मी चाललो. दुनियेत गावं लय हाय."

आखरावर जे झालं ते बैलांनी केलं होतं, पण हे एका माणसानं केलं. मी आजही कोणालाही सांगते की आमच्या गावात राजेशाही संपली ती त्या फाटकात, तोरणाखाली नाही. आबा ओट्यावरून एक पायरी उतरले. मग दुसरी. अंगणात सगळ्यांच्या पातळीला येऊन उभे राहिले. माझे आबा गोरे होते, त्यांचे कान लाल झालेले मला दिसले. मला वाटलं, आता काठी मागवतात. त्यांनी घसा खाकरला.

"चुकलं माहं," आबा म्हणाले.

सीतारामदादानं डोळे पुसले. परत आला, आबांच्या हातातून कासरा घेतला आणि म्हणाला, "मंग चाला भाऊसाहेब. बैल सकाळपासून उपाशी हाय."

भाऊसाहेब! आबांनी ते ऐकलं. सगळ्यांनी ऐकलं. दिवाळीपर्यंत सारं गाव त्यांना भाऊसाहेब म्हणायला लागलं आणि सायकली दारावरून घंटी वाजवत जायला लागल्या. त्या दिवशी राजाला आईनं पुरणाची पोळी भरवली, मग सीतारामदादा नवा फेटा बांधून पाटावर बसला, आणि तो जेवून उठेपर्यंत आबा भिंतीला टेकून उभे राहिले. मला वाढलं तेव्हा पोळ्या गरम होत्या.

आबा त्यानंतर माझ्याशी बोलले नाहीत. एक दिवस नाही की दोन दिवस नाही, पार उन्हाळा लागला तरी नाही. "तिला म्हणा दिवा लाव," "तिला विचारा परीक्षा कधी," असं सगळं आईमार्फत. आई दोघांच्या मध्ये उभी राहून तोच निरोप तसाच्या तसा पुन्हा म्हणायची आणि मग एकटीच स्वयंपाकघरात जाऊन पदरात तोंड घालून हसायची. बुलढाण्याचं नाव कोणी काढत नव्हतं. मीही काढलं नाही. सातवीचा निकाल लागला, केंद्रात पहिली आले, तरी नाही. मी मनाशी धरून चालले होते, की एका माणसाचं साल वाचवलं, त्याची किंमत ही. रात्री रडायची आणि सकाळी गोठ्यात जाऊन बसायची. सीतारामदादा म्हणायचा, "मंग त्या पोरीचं पुढं काय झालं?" मी म्हणायची, मले नाही माहीत दादा.

शाळा उघडायच्या आदल्या आठवड्यात ओट्यावर एक पेटी दिसली. हिरवी, पत्र्याची, पितळी कुलपाची. दमणी जुंपली, सीतारामदादा हाकायला, आबा पुढं, मी मागं पेटीवर, आणि दुसरबीडपर्यंत कोणी चकार शब्द काढला नाही. एसटी आली. आबांनी पेटी स्वतः टपावर चढवून घेतली, मला खिडकीशी बसवलं, आणि खाली उभं राहून खिडकीच्या गजाला धरून रस्त्याकडं पाहत राहिले. कंडक्टरनं घंटी ओढली तेव्हा ते बोलले.

"पत्र लिहीत जा."

मी मान हलवली.

"आन झडती लिवली तं आधी मले दाखवत जा." गाडी हलली तसे ते दोन पावलं बरोबर चालले. "ते सुताराची ओळ," आबा म्हणाले, "चांगली होती."

चिखली येईपर्यंत मी रडत होते.